डोकं चालत नाही त्या दिवसांची मांडणी

चहात साखर घातली की नाही ते आठवत नाही. एकच मेल चार वेळा वाचूनही त्यात नेमकं काय मागितलंय ते कळत नाही. बोलता बोलता साधा शब्द अडतो, आणि दुकानात दोन साबणांपैकी कुठला घ्यावा एवढंही ठरत नाही. याला हल्ली सर्रास ब्रेन फॉग म्हणतात. हा एखादा ठरावीक आजार नव्हे, ही तक्रार आहे; तिच्यामागे नैराश्य असू शकतं, रक्तातली कमतरता असू शकते, झोपेचा बिघाड असू शकतो, बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. नैराश्यात लक्ष, वेग, स्मरण आणि निर्णय हे सगळंच मंदावतं. नैराश्य म्हणजे रडू येणं असा समज आहे, पण कित्येकांना रडू येतच नाही. डोकं मात्र चालेनासं होतं, आणि म्हणून त्यांना बरेच महिने शंकाही येत नाही.

अशा दिवसांत डोक्याकडून रेटून काम करून घेण्याचा हट्ट सोडायचा. लक्षात ठेवण्याचं, ठरवण्याचं आणि सुरुवात करण्याचं काम कागदावर, डबीत, गजरात आणि जागच्या जागी ठेवलेल्या वस्तूंवर सोपवायचं. आणि त्याच वेळी कारण शोधायचं. नुसत्या युक्त्यांवर वर्ष काढलं आणि थायरॉइड तपासलाच नाही, असं फार होतं.

आधी तातडीचं

काही तासांत किंवा एका दिवसात अचानक गोंधळ सुरू झाला, बोलणं अडखळू लागलं, चेहऱ्याची एक बाजू किंवा एक हात लुळा पडला, तापात बरळणं सुरू झालं किंवा डोक्याला मार लागल्यावर असं झालं, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मरणाचे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर ‘मला मरावंसं वाटतंय, मी एकटा आहे’ किंवा ‘एकटी आहे’ एवढं पुरे. पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारते. घरच्यांनी त्याच दिवशी करायचं काम म्हणजे घरातल्या गोळ्यांचा साठा स्वतःच्या ताब्यात घेणं आणि एका वेळी काही दिवसांच्याच गोळ्या हाती देणं. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचे डबे गोठ्यात किंवा पडवीत उघड्यावर असतात. ते कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे द्या, किंवा डबे शेजारच्याकडे हलवा. असा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं हा खरोखर जीव वाचवणारा उपाय आहे. जिवाला लगेच धोका दिसत असेल तर ११२.

कारण शोधण्याची पहिली फेरी

पहिली भेट फॅमिली डॉक्टरांची घेतली तरी चालते. सांगायचं नेमकं: कधीपासून, दिवसातल्या कुठल्या वेळी जास्त, आणि त्यामुळे कोणतं काम अडलं. ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की अशक्तपणाचं टॉनिक मिळतं आणि विषय संपतो. ‘दीड महिन्यापासून हिशेब चुकतायत, पहाटे चारला जाग येते, जेवणावर वासना नाही’ म्हटलं की डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून ऐकतात.

साधारणपणे या तपासण्या विचारात घेतल्या जातात: सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन वगैरे, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर, आणि पाळी येत असलेल्या बायकांसाठी फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. साठीच्या पुढे, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर सोडियम बघतातच. ते घसरलं की माणूस गोंधळतो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

इथे दोन चुका हमखास होतात. बी१२चं इंजेक्शन आधी टोचून घेतात आणि रक्त नंतर देतात. मग रिपोर्ट उत्तम येतो आणि मूळची कमतरता कळतच नाही. दुसरी, केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, म्हणून तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी त्या बंद ठेवाव्यात आणि डॉक्टरांना तसं सांगावं. बी१२ कमी असण्याची शक्यता शाकाहारी माणसांत जास्त, तसंच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत.

घरातला औषधांचा डबा उघडून सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ॲलर्जीसाठी रोज सेटिरिझिन चालू असतं, झोपेसाठी कुणीतरी सुचवलेलं अल्प्राझोलाम असतं, अर्धशिशीसाठी ॲमिट्रिप्टिलिन असतं. यातली प्रत्येक गोळी डोकं जड करू शकते, दोन-तीन एकत्र असतील तर बोलायलाच नको. मात्र अल्प्राझोलाम रोजचं झालं असेल तर एकदम तोडू नका, त्याने फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने उतरवतात.

घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं कुणी सांगितलंय का, सकाळी डोकं दुखत उठता का? तसं असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची तपासणी मागा. कोविड किंवा डेंगीसारख्या आजारानंतर हे सुरू झालं असेल, बाळंतपण होऊन वर्षही झालं नसेल, किंवा पाळी जाण्याच्या आसपासचं वय असेल, तर तेही न विचारता सांगून टाका.

मनोविकारतज्ज्ञांकडे कधी आणि कसं जायचं

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे, ती मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांत काय किती वेळा झालं, याला ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञांना भेटायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, थांबू नका. ही यादी निदान करत नाही, पण डॉक्टरांपुढे बोलायला सुरुवात करून देते.

औषध लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, गोळ्या लिहीत नाहीत. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात दोन्हींची सांगड घातली तर जास्त उपयोग होतो. खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग गाठा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडं शुल्क पडू शकतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांची ओपीडीही चालते. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. ‘तिथे फक्त वेडे जातात’ हे ऐकावं लागतं. ओपीडीच्या रांगेत बहुतेक माणसं झोप, भीती आणि उदासी यांच्यासाठीच आलेली असतात.

तपासणीची खोली तुमच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटंच येते, आणि डोकं चालत नसताना ती मिनिटं ‘काय सांगू’ यातच जातात. म्हणून आदल्या दिवशी अर्ध्या पानावर लिहून न्या:

– सुरुवात कधी झाली, त्यासुमारास काय घडलं
– झोप किती वाजता, जाग किती वाजता
– भूक आणि वजन
– कोणती कामं सुटली
– दारू, तंबाखू, चालू औषधं
– घरात आधी कुणाला असा त्रास झाला होता का
– कधी याच्या उलट काळ आला होता का: झोप न घेता तरतरी, भरमसाट बोलणं, वारेमाप खर्च

शेवटची ओळ लोक गाळतात, कारण तो काळ त्यांना आजार वाटतच नाही. पण तसा काळ आला असेल तर निदान बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा आजार, असू शकतं आणि औषधच बदलतं. नुसती नैराश्यावरची गोळी तिथे उलटू शकते.

गोळ्या सुरू झाल्यावर

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा आठवड्यांनी येतो. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो: मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, कधी अस्वस्थपणा. म्हणजे पहिले दहा दिवस औषध फक्त बिघडवतंय असं वाटतं, आणि नेमकं तिथेच बरेच लोक पट्टी कपाटात टाकून देतात. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, झोप येत असेल तर रात्री, झोप उडत असेल तर सकाळी. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना फोनवर विचारा. पहिला आठवडाभर दुचाकी चालवू नका. पंचविशीच्या आतल्या माणसाच्या बाबतीत पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण या काळात मरणाचे विचार वाढू शकतात. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक त्रास आहे. लाजून कुणी सांगत नाही आणि गोळी गुपचूप बंद करतात. सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं.

बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम थांबवली तर चक्कर येते, मळमळतं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. हे व्यसन लागल्याचं लक्षण नाही. तुटक घेणं हेच नुकसानीचं.

‘आज घेतली का?’ हा प्रश्न धुकट डोक्याला विचारायचाच नाही. सात खणांची डबी घ्या, रविवारी भरा. डबी नसेल तर पट्टीच्या मागच्या बाजूला प्रत्येक गोळीवर बॉलपेनाने वार लिहा: सो, मं, बु. खण रिकामा म्हणजे घेतली. राहिली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, म्हणून तिची डबी उशाशी पाण्याच्या भांड्यापाशी. लोह आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती घेऊन न घेतल्यासारखीच, इतकं चहामुळे शोषण घटतं. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

दिवसाची मांडणी

आधी सात दिवस नोंद करा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ‘डोकं किती चालतंय’ याला ० ते १० मधला एक आकडा, कॅलेंडरच्या चौकोनात. बाकी काही लिहू नका; लांबलचक डायरी तिसऱ्या दिवशी बंद पडते. नैराश्यात पुष्कळांची सकाळ सगळ्यांत वाईट असते आणि चारनंतर थोडं उजाडतं. तुमचं तसं असेल तर बँक, फोन, कठीण मेल हे चारनंतर ठेवा, आणि सकाळी ज्याला विचार लागत नाही ते.

उठण्याची वेळ एकच, सुट्टीच्या दिवशीही. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची थोडीफार असते, आणि झोपेचं घड्याळ तिथूनच लागतं. उठल्यावर अर्ध्या तासात दहा मिनिटं उजेडात: गच्ची, गॅलरी, दूध आणायला खाली. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद, कारण शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायलाच पाच-एक तास लागतात. दुपारची झोप वीस मिनिटं, गजर लावून. झोप यावी म्हणून घेतलेली दारू दोन तास झोपवते आणि मग पहाटे डोळे टक्क उघडतात. दुसऱ्या दिवशीचं डोकं आणखी जड.

मग दोन याद्या. थोडं बरं असेल त्या दिवशीच लिहून फ्रिजवर लावा, कारण वाईट दिवशी यादी करणंही जमत नाही. पहिली बऱ्या दिवसाची. दुसरी वाईट दिवसाची, आणि ती लाज वाटेल इतकी लहान असली पाहिजे: गोळी, दात, तोंडावर पाणी, काहीतरी पोटात, दहा मिनिटं बाहेर, एका माणसाला एक मेसेज. अंघोळ जमत नसेल तर हातपाय धुऊन कपडे बदला. हे सहा झाले की दिवस झाला. इच्छा होईल मग करू, असं ठरवलं तर इच्छा येत नाही. नैराश्यात कृती आधी होते आणि इच्छा तिच्या मागून, कधी दोन आठवड्यांनी, डोकावते. बोलून उपचार करणारे तज्ज्ञ याच क्रमावर काम करतात.

बऱ्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचा मोह होतो: कपाट, मेल, बँक, पाहुणे. मग पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशीही यादीतलं दोन तृतीयांश करा आणि थांबा. कोविडसारख्या आजारानंतर त्रास सुरू झाला असेल आणि श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून जात असाल, तर ‘रोज थोडं थोडं वाढवा’ हा व्यायामाचा नेहमीचा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे श्रमाला मर्यादा घालूनच दिवस आखावा लागतो, डॉक्टरांना विचारून.

स्वयंपाकघर

उपाशी डोकं आणखी मंद चालतं, आणि स्वयंपाक म्हणजे एकामागून एक निर्णय. म्हणून तीन पायऱ्या ठरवून ठेवा.

गॅस न पेटवता: चार चमचे सातूचं पीठ, गूळ, दूध किंवा पाणी, ढवळून. किंवा वाटीभर पोहे धुऊन निथळून त्यात दही आणि मीठ. केळं, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू हे डोळ्यांसमोर ठेवा. बंद डब्यातलं आठवत नाही.

एका कुकरमध्ये: अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, मीठ. चार शिट्ट्या. वर तूप. फोडणी नाही, चिरणं नाही; उरली तर रात्रीला. मांसाहारी घरात दोन अंडीही वेगळी उकडून घ्या.

तिसरी पायरी डब्याची. आठवड्यातून दोन दिवस पोळीभाजीचा डबा लावला तर त्यात कमीपणा नाही.

शिट्ट्या मोजायला विसरायला होतं. पहिली शिट्टी झाली की फोनवर दहा मिनिटांचा गजर लावा आणि गजर होईपर्यंत ओट्यापासून हलू नका. दुधाला तीच शिस्त. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, मोठ्या अक्षरांत कागद: गॅस, नळ, किल्ली, फोन, गोळी. बाहेर पडताना वाचून बोट ठेवायचं. रात्री रेग्युलेटर बंद.

काम आणि पैसा

काम सोडताना पुढची कृती लिहून सोडा, आणि ती अगदी हाताने करण्याजोगी हवी. ‘अहवाल पूर्ण करणे’ वाचून काहीच होत नाही. ‘मार्चची शीट उघड, क रकाना, चौदाव्या ओळीपासून आकडे तपास’ वाचून हात चालतो. पंचवीस मिनिटांचे टप्पे खूप जणांना जास्त होतात. दहाने सुरू करा. वाचताना ओळ निसटत असेल तर कागदावर छापून, ओळीखाली बोट किंवा पट्टी ठेवून, ओठ हलवत वाचा. तोंडी सांगितलेलं काम राहत नाही, म्हणून साहेबांना कारण न देता एवढंच म्हणा: ‘एकदा मेसेजवर टाकाल का, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही.’ बहुतेक साहेबांना हे आवडतंच.

लाइट बिल, हप्ते, विमा ऑटो-पेवर टाका. फोनवर आलेल्या पैशाच्या कुठल्याही विनंतीला एकच उत्तर, कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलेलं: ‘मी घरी विचारून परत फोन करतो.’ मग ठेवून द्या. ओटीपी मागणाऱ्यांना गोंधळलेला माणूसच हवा असतो. नोकरी सोडणं, जमीन विकणं, लग्न मोडणं असले निर्णय, जिवाला किंवा अंगाला धोका नसेल तर, दोन महिने पुढे ढकला. नैराश्यात सगळं संपलंय असं खात्रीने वाटतं, आणि त्या खात्रीवर सही करणं महागात पडतं.

आरोग्यविमा असेल तर एक माहीत असू द्या: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच सोय करायची आहे. बहुतेक पॉलिसींमध्ये ही सोय दाखल झाल्यावरची असते, ओपीडीची फी त्यात येत नाही.

घरच्यांशी बोलताना

‘जरा मन रमव’, ‘तुला काय कमी आहे’ ही वाक्यं मायेनेच येतात. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. काय करायचं ते सांगा. ‘आई, आज डोकं चालत नाहीये. काय करू असं विचारू नकोस, भात की पोळी एवढंच विचार.’ ‘दादा, शनिवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल आणि ते सांगतील ते तू लिहून घे.’ सोबत दुसरा माणूस असण्याचा फायदा मोठा आहे. सांगितलेल्यातलं बरंचसं दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेलं असतं.

पुढच्या भेटीला कॅलेंडरची पानं, गोळ्यांची डबी, आणि काय सुधारलं, काय नाही याच्या दोन-दोन ओळी न्या. सहा आठवडे गोळ्या नीट घेऊनही आकडे जागचे हलले नसतील तर तसं स्पष्ट म्हणा. मात्रा वाढवणं, औषध बदलणं, निदान पुन्हा तपासणं हे सगळं शक्य असतं. मन हलकं होतं पण डोकं मागे राहतं, असंही पुष्कळदा होतं. एकाग्रता सगळ्यांत शेवटी परतते, तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं ठरवू नका.

आणि वाईट दिवसाच्या यादीच्या मागच्या बाजूला, बरं असताना, तुमची स्वतःची सुरुवातीची लक्षणं लिहा: अंघोळ टळू लागणं, मावशीचा फोन न उचलणं, रात्री दोनपर्यंत मोबाइल चाळणं, भाजी आणून ती सडणं. शेजारी डॉक्टरांचा नंबर. यादीचा फोटो घरातल्या एका माणसाकडे द्या आणि ठरवून टाका: यातली दोन आठवडाभर दिसली तर त्याने किंवा तिने तुम्हाला न विचारता अपॉइंटमेंट घ्यायची.